नकली झाड घेऊन राहिले? पानं नंतर पाहा, आधी बुड पाहा

आधीच सांगतो, खरी झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. अंगणात, सांदवाडीत, धुऱ्यावर जेवढी जगतील तेवढी लावा. पण आपल्या इकडे बहुतेक घरात एक तरी खोली अशी असते की तिथं खरं झाड टिकतच नाही. जुनं घर असलं तर मातीच्या जाड भिंती आणि एक टीचभर खिडकी, नवीन स्लॅबचं असलं तर मधला हॉल चारी बाजूंनी बंद, वरून मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलर दिवसभर सुरू, बोरचं पाणी खारं, आणि पंधरा दिवस लेकाकडे पुण्याला जाऊन आलं की गमल्यात नुसत्या काड्या. मग लोकं आर्टिफिशियल झाड आणतात, वास्तुशांती असली की हमखास आणतात, आणि पहिलाच पाहुणा चप्पल काढता काढता विचारतो, "प्लास्टिकचं आहे काय जी?" झालं, पैसे गेले.

घर बांधलं तेव्हापासून मी स्वतःसाठी आणि मग सोयऱ्याधायऱ्यांसाठी अशी झाडं घेत आलो, आता गावात कोणी नवीन स्लॅब टाकला की मला फोन येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मुद्दा एकच आहे. पानं आजकाल बरी बनवतात, स्वस्तातलीही बरी असतात, पण चोरी पकडली जाते ती खाली, जिथं खोड मातीत शिरतं तिथं. ते बुड नीट असलं तर साधं झाडही खपून जातं, आणि बुड खराब असलं तर तीन हजाराचं झाडही नकलीच दिसते.

१) आधी जागा ठरवा, झाड मागून

दुकानात जायच्या आधी घरात उभं राहून पाहा की झाड कुठं ठेवायचं आणि लोकं ते किती लांबून पाहतील. दारातून सात-आठ फुटांवरून दिसणार असेल तर मध्यम मालही चालतो. सोफ्याच्या हाताशी किंवा जेवायला बसतो तिथं ठेवायचं असेल तर हात लावल्याशिवाय कोणी राहत नाही, तिथं चांगलंच घ्या नाहीतर घेऊच नका.

दुसरं, त्या जागी खरं झाड असतं तर जगलं असतं का हे स्वतःला विचारा. अंधाऱ्या कोपऱ्यात फुलांनी लदलेला गुलाब ठेवला तर शाळेतल्या पोरालाही समजते की हे काही खरं नाही. सावलीत निभावणारी झाडं तिथं शोभतात.

इंचीटेप घ्या आणि उंची मोजा. कोपऱ्यात जमिनीवर ठेवायचं असेल तर चार ते पाच फूट, टीव्हीच्या बाजूला दोन-अडीच फूट, देवळीत किंवा फळीवर एक फुटाच्या आत. माप कागदावर लिहून न्या, दुकानात सगळंच लहान वाटते आणि घरी आणलं की दाराला अडते.

आणि या जागा सोडा:
- देवघराजवळ. दिवा, उदबत्ती, कापूर आणि प्लास्टिक, कापड यांचं जमत नाही, एक ठिणगी पुरते. दिव्यापासून दूर म्हणजे खरोखर दूर, वाऱ्यानं पान हललं तरी ज्योतीपाशी पोचलं नाही पाहिजे.
- कूलरच्या थेट तोंडासमोर. खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब पानावर सुकतात आणि पांढरे डाग धरतात.
- गॅसच्या शेगडीजवळ. फोडणीचा तेलकट धूर एकदा बसला की त्यावर धूळ चिकटते आणि मग कितीही पुसा.
- उघडी छपरी, जिथं बकऱ्या, गायी येतात. हिरवं दिसलं की बकरी तोंड लावणारच, आणि प्लास्टिक पचत नाही, पोटात गोळा होऊन बसते. जनावर गमावण्याएवढं काही झाड महत्त्वाचं नाही.

२) कोणतं झाड घ्यायचं

सोपा नियम सांगतो. ज्या खऱ्या झाडाचं पान मुळातच जाड, गुळगुळीत, थोडं मेणचट असते त्याची नक्कल चांगली होते, कारण ते खरंही प्लास्टिकसारखंच दिसते. ज्याचं पान पातळ, लवलवतं, केसाळ आहे त्याची नक्कल फसते.

पहिल्यांदा घेऊन राहिले असाल तर डोळे मिटून स्नेक प्लांट घ्या. खऱ्यात त्याला खोडच नसते, पानं सरळ मातीतून वर येतात, म्हणजे नक्कल करणाऱ्याची सगळ्यात अवघड गोष्टच वाचली. फक्त एक पाहा, पानांची उंची कमीजास्त पाहिजे आणि पानावरचे आडवे पट्टे प्रत्येक पानावर वेगळे पाहिजेत. सगळ्या पानांवर अगदी तोच पट्टा त्याच ठिकाणी दिसला तर सोडून द्या.

रबर प्लांटही छान जमते. खऱ्या रबराचं पान वरून चकचकीत आणि खालून फिकट, मधली शीर उठलेली, आणि शेंड्याला नवीन पान लालसर टोपणात गुंडाळलेलं असते. नकलीत तो लाल कोंब दिलेला असला तर समजा की बनवणाऱ्यानं खरं झाड पाहिलेलं आहे. झीझी (झेडझेड) प्लांटही चालते, जाड देठ आणि गोलसर चकचकीत पानं, कमी पैशात बरं दिसते.

मनी प्लांट सगळ्यांच्या घरी खरा असतोच, बिसलेरीच्या बाटलीत तरी असतो, त्यामुळे लोकं त्याला बरोबर ओळखतात. तो घ्यायचा तर वर टांगायला, कपाटावरून खाली सोडायला घ्या, नजरेच्या उंचीवर ठेवू नका. मॉन्स्टेरा, म्हणजे ते कापलेल्या पानांचं, घेत असाल तर लहान पानं अखंड आणि मोठी पानं फाटलेली अशी सरमिसळ पाहिजे, खऱ्यात तसंच असते. बारक्यातलं बारकं पानही तेवढंच फाटलेलं असलं तर सगळं एकाच साच्यातून काढलं आहे.

अरेका पाम जपून. लग्नाच्या मंडपात, हॉलमध्ये, पेट्रोलपंपावर लोकांनी खरा एवढा पाहिला आहे की खोटा चटकन समजते. खऱ्याचे देठ पिवळसर असतात, त्यावर कडी असतात, आणि एका कुंडीतून बरेच देठ निघतात. एकाच दांडक्याला वर झुपका लावलेला असेल तर तो अरेका नव्हे, झाडू आहे.

न घ्यायच्यात: फर्न, शेवंती, गुलाबी फुलांचं चेरीचं झाड, लाल पानांचा मेपल. शेवटचे दोन तर आपल्या यवतमाळ-वाशिमकडे कोणाच्या अंगणात पाहिले काय तुम्ही? मग हॉलमध्ये कुठून आले? आणि तुळस तर नाहीच. नक्कल जमत नाही हे एक, आणि घरातली म्हातारी माणसं ऐकून घेणार नाहीत हे दुसरं, माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

३) मटेरियलचं थोडक्यात

दुकानदार तीन शब्द फेकतात. "प्लास्टिक" म्हणजे साच्यातून काढलेलं पान, धुवायला सोपं, जाड पानांच्या झाडाला चांगलं. "सिल्क" म्हणजे बहुतेक वेळा रेशीम नसून पॉलिस्टरचं कापड, पातळ पानांना बरं दिसते पण ओलं केलं की रंग सोडू शकते आणि कडेचे धागे सुटतात. "रिअल टच" म्हणजे पानावर रबरासारखा किंवा लॅटेक्सचा थर, हाताला खऱ्यासारखं लागते, महाग असते, पण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तो थर चिकट होऊ शकते. पत्र्याचं घर असेल तर साधं चांगलं प्लास्टिकच घ्या.

उग्र वास येत असेल तर घरात आणू नका, घरी तोंडात घालणारं लेकरू असेल तर मुळीच नाही.

"यूव्ही प्रूफ" हा शब्द फक्त उन्हात ठेवायचं असेल तरच कामाचा. उन्हाची तिरीप रोज पडत असेल तर साधं झाड फिकट पडते, हिरव्याचा निळसर रंग होते आणि मग पानं कडक होऊन तडकतात. यूव्हीचं औषध प्लास्टिकमध्येच मिसळलेलं असलं तर जास्त टिकते, वरून फवारलेलं लवकर जाते. दुकानदाराला विचारा, बहुतेकांना माहीत नसते, पण ज्याला माहीत आहे त्याच्याकडून घ्या.

४) दुकानात काय तपासायचं

तालुक्याच्या गिफ्टच्या दुकानात निवड कमी असते. नागपूरला कामानं जाणं झालं तर सीताबर्डी आणि इतवारीत चक्कर मारा, इतवारीत होलसेल आहे. महालक्ष्म्यांच्या तोंडावर डेकोरेशनचा माल सगळीकडे भरलेला असते, पण तेव्हा गर्दीत दुकानदार नीट दाखवत नाही आणि भावही ताणून धरते, सण आटोपल्यावर जा. आणि दिवसा जा. रात्री दुकानातल्या पिवळ्या लाइटात सगळी झाडं सुंदर दिसतात. झाड उचलून दाराबाहेर उजेडात नेऊन पाहा, नाही म्हटलं तर दुसरं दुकान.

सुरुवात बुडापासून करा. कुंडीजवळची पानं बाजूला सारून खाली पाहा:

- खोड मातीत शिरते तिथं काय आहे? काळ्या प्लास्टिकच्या नळीत देठ खुपसलेले उघडे दिसत असतील तर समजून घ्या की ते तुम्हाला झाकावं लागणार. झाकता येण्यासारखं आहे का ते पाहा.
- खोड खरं लाकूड आहे का? चांगल्या मोठ्या झाडात खऱ्या वाळलेल्या फांद्यांना नकली पानं लावलेली असतात, ती लांबूनच वेगळी दिसतात. पण लाकडात बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागला आहे, घरातल्या दुसऱ्या लाकडापर्यंतही पोचू शकते.
- फांदी जिथं खोडाला जोडली तिथला सांधा पाहा. गोल बटणासारखी टोपी दिसते का? एका-दोन ठिकाणी असेल तर चालते, सगळीकडे असेल तर नको.

मग वर या. पानं किमान तीन आकाराची पाहिजेत, शेंड्याची लहान आणि फिकट, खालची मोठी आणि गडद. पान उलटं करा, खालची बाजू वरच्यासारखीच चकचकीत हिरवी असेल तर नक्कल हलकी आहे (स्नेक प्लांट सोडून), आणि पांढरं कापड दिसत असेल तर त्याहून हलकी. शिरा बोटाला लागल्या पाहिजेत, नुसत्या छापलेल्या नको. कडेला साच्याची प्लास्टिकची किनार उरली आहे का, धागे लोंबून राहिले का ते पाहा. एखादं पान थोडं वाकडं, एखाद्याच्या टोकाला पिवळट डाग असेल तर ते उलट चांगलं, दुकानदाराला "खराब माल आहे" म्हणून दहावीस रुपये कमीही करता येतात.

देठ वाकवा आणि सोडा. आत तार असली तर वाकवलेलं तसंच राहते, म्हणजे घरी आकार देता येईल. सुटून परत सरळ झालं तर ते नेहमीसाठी तसंच उभं राहणार.

शेवटी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढा. डोळ्याला न दिसलेली प्लास्टिकची चमक फोटोत लगेच दिसते, आणि घरी ट्यूबलाइटमध्ये तेच दिसणार आहे.

५) ऑनलाइन मागवत असाल तर

खेड्यात हाच रस्ता सोपा झाला आहे, पण फसवणुकीची जागाही हीच. फोटोत सोफ्यापेक्षा उंच दिसणारं झाड येते तेव्हा पेनाच्या डब्यात मावते. म्हणून फोटो पाहू नका, उंचीचा आकडा वाचा, आणि ती उंची कुंडी धरून आहे की कुंडीशिवाय ते पाहा. १२० सेंटिमीटर म्हणजे साधारण चार फूट, त्यातही पानं वर ताणून मोजलेली असतात, तर हातभर कमीच धरून चाला. पानं किती आहेत तेही लिहिलेलं असते, चार फुटाच्या झाडाला अठरा-वीस पानं असतील तर ते उघडंबोडकं दिसेल (स्नेक प्लांट सोडून).

रिव्ह्यूमध्ये घेणाऱ्यांनी टाकलेले फोटो तेवढे पाहा, तारे नका मोजू. तिथं कोणी बुडाचा फोटो टाकला असेल तर तोच खरा.

हे जवळ ठेवा:
- बिलाची पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट, त्यात उंची लिहिलेलं पान धरून
- डबा उघडतानाचा व्हिडिओ, टेप लावून उंची मोजतानाचा पण
- रिटर्न किती दिवसात आहे त्याची तारीख, आणि आपल्या पिनकोडवरून माल परत न्यायला माणूस येते का हे ऑर्डर करायच्या आधी पाहून ठेवलेलं. बऱ्याच गावात डिलिव्हरी होते पण परत न्यायला कोणी येत नाही, मग तालुक्याला जाऊन कुरिअर करा, आणि तो खर्च झाडाएवढा होते.
- मूळ डबा, रिटर्नची तारीख जाईपर्यंत. चुलीत घालायची घाई करू नका.

६) कुंडी आणि माती, खरं काम इथंच आहे

झाडासोबत जी काळी टीचभर कुंडी येते ती फक्त उभं राहायपुरती असते. ती तशीच ठेवली तर कितीही महागाचं झाड असो, उघडं पडते. आणि इथं आपण शहरवाल्यांपेक्षा नशीबवान आहो, कारण लागणारं सगळं सामान गावातच फुकटात नाहीतर वीस-तीस रुपयात मिळते.

लागणारं सामान: आठवडी बाजारातून कुंभाराची मातीची कुंडी (झाडाच्या उंचीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा उंच), बांधकामाची उरलेली गिट्टी आणि रेती, थोडं सिमेंट, अंगणातली खरी माती, पक्कड, कात्री, जुना दात घासायचा ब्रश.

कुंडीच्या तळाशी भोकावर खापराचा तुकडा ठेवा. त्यात झाड त्याच्या काळ्या कुंडीसकट उतरवा, उंची कमी पडली तर खाली विटेचा तुकडा घाला. खोडाची जागा अगदी मधोमध नको, थोडं एका बाजूला आणि किंचित तिरपं. खरं झाड उजेडाकडे झुकते, तर खिडकी असेल त्या बाजूला झुकवा. मग बाजूनं गिट्टी भरा, झाड पाच फुटाचं असेल आणि घरात पोरं खेळत असतील तर गिट्टीत पातळ सिमेंट ओता म्हणजे कलंडणार नाही. पण सिमेंट कुंडीच्या काठापासून चार बोटं खाली थांबवा. ही चार बोटं मातीसाठी.

आता माती. आपली काळी माती घ्या, पण शेतातून आणून तशीच टाकू नका. वाळली की तिला भेगा पडतात आणि भेगेतून सिमेंट दिसते. काळ्या मातीत निम्मी रेती मिसळा, चाळून घ्या, लोखंडी तव्यावर किंवा कढईत चांगली भाजून घ्या म्हणजे किडे, अंडी, गवताचं बी मरते. थंड झाली की भरा आणि अगदी थोडं पाणी शिंपडून दाबा. वरचा थर सपाट करू नका, खोडाशी थोडा उंच ठेवा. त्यावर दोन-चार खडे, एखादं खरं वाळलेलं पान. हे वाळलेलं पान सगळ्यात मोठं काम करते, गळालेलं पान पाहिलं की माणूस पुढं काही तपासतच नाही.

काथ्या किंवा वाळलेलं शेवाळ वरून लावायचा सल्ला सगळीकडे दिसते, दिसते पण छान. मी आपल्याकडे नको म्हणतो. सारवलेली जमीन किंवा मातीची भिंत असेल तर काथ्याला उधई लागते, आणि उंदराला घर करायला तर आयतंच मिळते. कुंडीही जमिनीवर टेकवू नका, खाली फरशीचा तुकडा किंवा तिपाई पाहिजे.

घरात पिढीजात पितळेचा गंज (म्हणजे पातेलं), तांब्याची घागर पडून असेल तर कुंडी म्हणून वापरा, नजर तिकडेच जाते आणि झाड खपून जाते. पण आतून कागद लावा, ओली माती थेट नको.

७) पानं बसवणं

डब्यातून आलं तेव्हा झाड दाबून चपटं झालेलं असते. तसंच ठेवून "खराब निघालं" म्हणू नका. प्रत्येक फांदी बाहेर ओढा, वरची वर, मधली आडवी, खालची थोडी लोंबती. फांद्या समोरासमोर नको, एक इकडे तर दुसरी थोडी वर आणि तिकडे.

घडी पडलेलं प्लास्टिकचं पान आंघोळीला घेतो तेवढ्या कढत पाण्यात थोडा वेळ बुडवा, नरम झालं की हातानं आकार द्या आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. उकळतं पाणी नको, पान आखडते. उन्हाळ्यात तर पाणीही लागत नाही, दुपारी अंगणात पाच-दहा मिनिटं ठेवलं की झालं, फक्त विसरू नका. कापडी पानाला इस्त्री कमी गरम करून, वर सुती फडकं ठेवून फिरवा.

मग पक्कड आणि कात्री घेऊन थोडं बिघडवा. एक-दोन पानं काढून टाका, एकाचं टोक तिरपं कापा, खोडाला चहाच्या पाण्यात भिजवलेला ब्रश मारा. बायको म्हणेल नवीन वस्तू काहून कापून राहिले, पण करा.

८) धूळ

धूळ साचलेलं झाड म्हणजे "मी नकली आहे" अशी पाटीच. आणि आपल्याकडे धूळ काय कमी आहे? सोयाबीन काढणीला थ्रेशरचा भुसा, मग कापसाचा हंगाम आणि जिनिंग जवळ असेल तर हवेत सरकी-रुईचे तंतू, मग उन्हाळ्याची वावटळ.

आठवड्यातून एकदा कोरडा मऊ ब्रश किंवा मोरपिसांचा झाडू वरून खाली. महिन्यातून एकदा प्लास्टिकचं झाड ओल्या फडक्यानं पुसा, लय मळलं असेल तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. कापडी असेल तर पाण्यात बुडवू नका, एका पानावर थंड पाणी लावून रंग सुटते का ते आधी पाहा. कूलरचे पांढरे डाग साध्या पाण्यानं निघत नाहीत, तिथं पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर मिसळून पुसा आणि मग साध्या पाण्याचं फडकं फिरवा.

खोबरेल तेल लावू नका बाप्पा! चमक येते म्हणून बऱ्याच घरी लावतात, दोन दिवस बरं दिसते, मग सगळी धूळ त्याच तेलात बसते आणि पान कायमचं काळपट. खऱ्या पानाला तशी तेलकट चमक नसतेही.

फिरवत राहा. खिडकीच्या बाजूची पानं फिकी पडायला नको म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी कुंडी थोडी वळवा. आणि पानांच्या मागं पाहत जा, गांधीलमाशी पोळं करायला अशीच निवांत जागा शोधते.

९) जुनं झालं की

चार-पाच वर्षांनी झाड फिकट पडेल, पानं तडकतील. तेव्हा ते उकिरड्यावर फेकू नका. तिथून ते शेणखतात जाते, शेणखत वावरात जाते, आणि मग प्रत्येक डवऱ्याला हिरवे तुकडे वर येतात. होळीत किंवा चुलीतही नको, पीव्हीसी प्लास्टिक जळलं की निघणारा धूर विषारी असते. पानं ओढून काढा, तारा आणि लोखंड वेगळं करा, भंगारवाला ते घेते. पानं बरी असतील तर शाळेच्या गॅदरिंगला देऊन टाका, मास्तर लोकं खुशीनं नेतात. सिमेंट ओतलेली कुंडी परत वापरता येत नाही, म्हणून ज्यांना कुंडी वाचवायची आहे त्यांनी सिमेंट ओतायच्या आधी आतून पोत्याचा तुकडा लावावा, गोळा तसाच बाहेर निघते.